पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं मूळ कॉमिक पान: पारख कशी करायची आणि गोव्याच्या पावसात जपायचं कसं?

फोंडेकर
नमस्कार मंडळी. अमेरिकन चित्रकार जो क्यूबर्ट यांच्या ‘एनिमी एस’ या जर्मन वैमानिकावरच्या कॉमिक मालिकेचं एक मूळ (छपाईसाठी हाताने काढलेलं) पान परदेशातला विक्रेता देऊ करतोय. फोकरचं त्रिपंखी विमान, तीन चौकटींत हवाई झुंज. तो म्हणतो १९६५ सालचं, कागद ११ x १७ इंच. स्कॅन फक्त पुढच्या बाजूचा आहे. पैसे देण्याआधी काय तपासू? घर कौलारू, भिंती जांभ्या दगडाच्या, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरतेच. त्याचाही उपाय सांगा.

त्रिपंखी_म्हापसा
फोंडेकरबाब, मापातच गोम आहे. ही मालिका फेब्रुवारी १९६५ च्या ‘अवर आर्मी अ‍ॅट वॉर’च्या १५१ व्या अंकात सुरू झाली. तेव्हा अमेरिकेत पानं छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट काढत, चित्राचा भाग साधारण १२½ x १८½ इंच. १९६७ च्या सुमारास तो १० x १५ वर आला आणि कागद ११ x १७. म्हणजे १९६५ चं पान या कागदावर बसतच नाही. एक तर ते १९६८ पासून ‘स्टार स्पँगल्ड वॉर स्टोरीज’मध्ये आलेल्या कथांमधलं असेल, नाही तर नंतर केलेली नक्कल. अंक आणि पान क्रमांक मागा, छापील पानाशी ताडून बघा.

मग मागच्या बाजूचा, चारही कडांचा आणि तिरप्या उजेडातला फोटो मागा. ब्रशने भरलेला काळा रंग कधीच एकसारखा नसतो, शाईचे थर दिसतात. काळ्यावर पांढऱ्या रंगाने केलेली दुरुस्ती किंवा गोळ्यांची रेषा तिरप्या उजेडात बारीकशी सावली टाकते. स्कॅनमध्ये हे सगळं सपाट होतं, म्हणून स्कॅनवर विसंबू नका.

नक्कल बहुतेक वेळा छापील पानावरून, खाली दिवा लावून गिरवतात. त्यामुळे तिच्यात जे छापलंय तेवढंच येतं. खऱ्या पानावर त्याहून जास्त असतं: चौकटीबाहेर सुटलेले फटकारे, अक्षरांसाठी आखलेल्या पेन्सिलच्या रेघा, समासातल्या संपादकाच्या नोंदी, छपाईत न उमटणारी फिकट निळी पेन्सिल, चिकटवलेल्या शीर्षकाखाली पिवळा पडलेला डिंक. मागे कॉमिक्स कोडचा (अमेरिकी कॉमिक प्रकाशकांच्या तपासणी संस्थेचा) शिक्का असला तर चांगलंच, पण शिक्काही बनवता येतो, एकट्या शिक्क्यावर पैसे देऊ नका.

दहापट भिंगाखाली सगळीकडे ठिपके दिसले तर ती छपाई. राखाडी छटेसाठी चिकटवायच्या टोनच्या पारदर्शक पापुद्र्यातही ठिपके असतात, मात्र तिथे पापुद्र्याची ब्लेडने कापलेली कड दिसते. ही गफलत नवे लोक हमखास करतात.

विमानातल्या चुकांवरून मात्र पान खोटं ठरवू नका. जर्मन विमानांवरचा वक्र बाजूंचा क्रॉस १९१८ च्या वसंतात जाऊन सरळ पट्ट्यांचा आला. कथेतली तारीख आणि क्रॉस जुळत नसेल तर तो चित्रकाराचा घोटाळा.

कागदजपणूक
पारखीचं वर आलंच, मी जपणुकीचं सांगते. पान दोन बाजू उघड्या असलेल्या मेलिनेक्सच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा. चारही बाजू चिकटवून बंद केल्या की ओल आत अडकते. पाकीट आडवं ठेवा, रबरी पट्टीचं झाकण असलेल्या हवाबंद डब्यात. पन्नास लिटरच्या डब्याला अर्धा किलो ओल शोषून रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहायला हवा, त्याखाली गेला तर थोडी जेल काढून घ्या.

डबा जानेवारी-फेब्रुवारीत भरून बंद करा. जूनमध्ये भरला तर कागदाने आधीच शोषलेलं पाणीही आत जातं आणि जेल चार दिवसांत संपते. रंग बदलला की ती ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास सुकवा. बाजारात ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते पानाजवळ नकोतच. त्यांच्यात पाणी साचतं, एकदा कलंडलं की संपलं.

भिंतीवर लावायचं असेल तर बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीवर नको, ती पावसात घाम धरते. आतल्या भिंतीवर, फ्रेममागे बुचाचे तुकडे लावून एक-दोन सेंटिमीटर पोकळी ठेवा. काच आणि कागद यांत तीन-चार मिलिमीटर अंतर हवंच, नाही तर पांढरा रंग काचेला चिकटून निघून येतो. मागे प्लायवूड किंवा एमडीएफ टाकू नका, त्यांतून आम्ल सुटतं.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती तंतूंत खोल जाते. मास्क लावून, कोरड्या दिवशी घराबाहेर मऊ ब्रशने झटका. चिकटवलेला तुकडा सुटला तर फेविकॉल नको. तो वेगळ्या छोट्या पाकिटात, त्याच पानासोबत ठेवा.

फोंडेकर
खूप आभार. मागचा फोटो मागितलाय. पान खरं निघालं तर कस्टम्सचं काय?

आयात_वास्को
बिलावर ‘कागदावर शाईने हाताने काढलेलं मूळ रेखाचित्र’ आणि कस्टम्सच्या मालवर्गवारीतला शीर्षक क्रमांक ९७०१ लिहायला सांगा. नुसतं ‘कॉमिक’ किंवा ‘पोस्टर’ लिहिलं की ते छापील मालाच्या ४९११ मध्ये ढकललं जाण्याची शक्यता असते, मग खुलासे देत बसा. किंमत खरीच लिहायची. कमी लिहिली आणि पार्सल हरवलं तर विमा तेवढाच मिळतो. पैसे भरल्याची पावती, आधार आणि पॅन हाताशी ठेवा.

गुंडाळून नळकांड्यात पाठवू देऊ नका, पांढरा रंग तडकतो. प्लास्टिकमध्ये, दोन कडक पन्हाळी पुठ्ठ्यांच्या मधे, त्यांच्या आतल्या नाळ्या एकमेकींना आडव्या. परदेशी थंडीतून आलेलं पार्सल आपल्या दमट हवेत लगेच उघडलं तर कागदावर दव धरतं, म्हणून एक दिवस बंदच राहू द्या.