मदत हवी आहे: भूलशास्त्रात आधी डिप्लोमा की थेट डीएनबी?

एमबीबीएस आणि बाँड (त्यानंतरची सक्तीची सरकारी सेवा) झालाय. नीट-पीजीच्या रँकवर हाताशी दोनच वाटा दिसतात: महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयात एनबीईएमएसचा (राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाचा) 2 वर्षांचा डिप्लोमा, किंवा परराज्यात 3 वर्षांची डीएनबी (त्याच मंडळाची, एमडीच्या तोडीची पदवी). डिप्लोमानंतर पीडीसीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन आणखी 2 वर्षांत डीएनबी करता येते, हे माहितीपुस्तिकेत वाचलंय. सीनियरांना विचारलं, पण त्यांतलं कुणी या वाटेने गेलेलं नाही. खासगी कॉलेजची फी झेपणार नाही, नीट पुन्हा द्यायची नाही. पुढे तालुक्याच्या गावीच काम करायचंय. तिथे रात्री सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळणं किती अवघड, ते बाँडमध्ये पाहिलंय. म्हणून हात तयार होणं मला सगळ्यांत महत्त्वाचं.

जिल्हा रुग्णालयात डिप्लोमा केलेल्यांनी कृपया सांगा: स्पायनलपलीकडे (पाठीतून द्यायच्या भुलीपलीकडे) लहान मुलांच्या केसेस, अवघड एअरवे (श्वासनलिकेत नळी घालणं कठीण असलेले रुग्ण), आयसीयू पुरेसं मिळालं का? आणि नोकरी करत पीडीसीईटीची तयारी जमली का?