'१० पैकी किती?' विचारणाऱ्यांनो, जरा थांबा

काल इथे एका टीम लीडने लिहिलं की टेक्निकल राउंडला तो पहिलाच प्रश्न टाकतो, 'जावामध्ये (म्हणजे त्या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये) स्वतःला १० पैकी किती देशील?' आणि त्यावरून म्हणे माणूस कळतो. डोंबल कळतो. ११ वर्षं जावा लिहितोय, हिंजवडीत एका ठिकाणी ६ सांगितले तर एचआर म्हणाली कटऑफ ७ आहे सर. बाहेर चहाला भेटलेला दोन वर्षं अनुभवाचा पोरगा ९ सांगून पुढच्या राउंडला. डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ लाच दाखवलंय, टेस्टमध्ये १२व्या पर्सेंटाइलला (शंभरात जेमतेम बाराजणांच्या पुढे) असलेले लोक स्वतःला ६२व्याला समजत होते. तरी आपलं चालूच.

लीड_मीच_तो: आकड्यावर कोण सिलेक्ट करतं रे? कुठून सुरुवात करायची ते कळतं, बस. परवा एक ९ वाला आला, दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारं इक्वल्स स्वतः लिहिलं, त्याच्या जोडीने लिहायचा हॅशकोड विसरला, मग मॅपमध्ये (की देऊन व्हॅल्यू साठवायची जागा) टाकलेली 'की' तशाच नवीन ऑब्जेक्टने शोधली तर नल, म्हणजे काहीच सापडेना. म्हणतो, "सर, लॅपटॉपचा इश्यू असेल." माझा अर्धा तास वाचला.

धागाकर्ता: पण ९ वाल्याला तुम्ही ४ वाल्याचाच प्रश्न विचारलात की! मग आकडा विचारला कशाला?

कोथरूडची_लेक: मूळ दुखणं घरातलं आहे. पेपर कसा गेला विचारलं की "बरा गेला" म्हणायचं, निकाल काहीही लागो. तीच सवय घेऊन आपण इंटरव्ह्यूला जातो.

लीड_मीच_तो: झालं, मराठी माणूस मागे का, सुरू. माझ्या टीममधले साताऱ्याचे दोघं ९ च्या खाली उतरत नाहीत.

कोथरूडची_लेक: दोन पोरांवरून जिल्हा ठरवणारा माणूस इंटरव्ह्यू घेतो, धन्य! मी अप्रेझलला ५ पैकी ३ भरले, प्रामाणिकपणे, तर मॅनेजर म्हणाला तुम्हीच ३ दिलेत तर मी ४ कसे देऊ. तेव्हापासून डोळे मिटून ५.

अजिंक्यताऱ्याखालचा: साताऱ्याला मध्ये कशाला ओढता? आम्ही ९ म्हणतो कारण आम्हाला येतं.

लीड_मीच_तो: कौतुकच केलं होतं बाबा.

अजिंक्यताऱ्याखालचा: कळतं हो कौतुक कुठलं आणि टोमणा कुठला.

बेंचवरचा_बाप्या: ९० दिवसांच्या नोटीस पिरियडवर कोणी बोलणार का? मी १० पैकी १० आहे, पण तीन महिने थांबायला कोणी तयार नाही.

लीड_मीच_तो: तो वेगळा धागा काढा. धागाकर्ते, ८ वाल्याला मी विचारतो, हॅशमॅपच्या एका बकेटमध्ये (आतल्या एका कप्प्यात) ८ च्या पुढे गर्दी झाली की काय होतं? जावा ८ व्हर्जनपासून त्या कप्प्यातल्या यादीचा ट्री होतो, म्हणजे शोधायला सोपी फांद्यांची रचना. येत असेल त्याला पटकन सांगता येतं.

धागाकर्ता: टेबल, म्हणजे एकूण कप्पे, ६४ पेक्षा लहान असेल तर ट्री नाही होत, आधी रिसाइझ होतं, म्हणजे कप्पे वाढतात. ६ वाला सांगतोय.

लीड_मीच_तो: ...जावाचा सोर्स कोड उघडून बघितला. आहे तसं. बरं, यापुढे आकडा शेवटी विचारेन, झालं समाधान? पण विचारणार.