अनुभव धागा : अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटचं राज्य लायसन्स

फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए (डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारा, औषधं लिहून देणारा), याचं लायसन्स राज्यागणिक वेगळं. तेव्हा इथे कामाचंच लिहूया: कुठला कागद कुठून येतो आणि घोडं नेमकं कुठे अडतं. राज्याचं नाव जरूर टाका.

खारीबटर : आधी एक गैरसमज. भारतातलं एमबीबीएस किंवा बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट या बळावर पॅन्सला (लायसन्ससाठी लागणाऱ्या परीक्षेला) बसता येत नाही. आर्क-पीए या अमेरिकेतल्या संस्थेची मान्यता असलेला पीए कोर्सच लागतो. पेपर ३०० प्रश्नांचा, ६० मिनिटांचे ५ भाग. फी ५५० डॉलर. गुण २०० ते ८०० मध्ये मोजतात, पास व्हायला ३५०. अर्ज कोर्स संपायच्या १८० दिवस आधीपासून, पेपर मात्र संपल्यावर ७ दिवसांनीच. नापास झालात तर मध्ये ९० दिवस थांबावं लागतं, म्हणून घाईने तारीख घेऊ नका.

शिळोप्याची ओटी : राज्याच्या लायसन्स बोर्डाचा फॉर्म तासाभरात भरून होतो. वेळ खातात ते दुसऱ्यांनी पाठवायचे कागद. कॉलेजचं प्रमाणपत्र आणि एनसीसीपीएचा (पॅन्स घेणाऱ्या संस्थेचा) निकाल त्यांच्याकडून थेट बोर्डाकडे गेला पाहिजे. तुमच्या हातून गेलेली प्रत, मग ती कितीही खरी असो, बाद. आधी दुसऱ्या राज्याचं लायसन्स असेल तर त्याचा दाखलाही तसाच थेट, आणि मुदत संपलेल्या लायसन्सचासुद्धा! बरीच राज्यं नर्सिंग, ईएमटी (अँब्युलन्सवरचा तंत्रज्ञ) वगैरे जुनी लायसन्सही मोजतात. म्हणून हे कागद आधी मागवा, फॉर्म नंतर भरा.

हिंजवडी ते ह्यूस्टन : टेक्ससला कायद्याची वेगळी ऑनलाइन परीक्षा आहे, पास व्हायला ७५ गुण.

माहेरची सही : आपल्याकडची खास अडचण नावाची. लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, नंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी, कॉलेज आणि एनसीसीपीए, चारही ठिकाणी अक्षरन् अक्षर एकच हवं. फरक असेल तर 'इतर नावे' हा रकाना मोकळा सोडू नका. लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडा. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही.

कोरडे हात : कॅलिफोर्नियात बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅनने (शाईविना, मशीनवर) देतात, पण ती सोय त्या राज्यातच. बाहेरून अर्ज करणाऱ्यांनी एफडी-२५८ या ठशांच्या छापील कार्डावर शाईचे ठसे द्यायचे. नोकरीसाठी आधी दिलेले ठसे चालत नाहीत. ठशांच्या फॉर्मवरचा संकेतांक त्या बोर्डाचाच लागतो. दिवसभर हात धुणाऱ्यांचे ठसे पुसट उमटतात आणि परत येतात. आदल्या २-३ दिवसांत क्रीम लावून कातडी मऊ ठेवा, ठसे देताना मात्र हात स्वच्छ आणि कोरडे.

खारीबटर : न्यूयॉर्कला बाल-अत्याचार ओळखण्याचं प्रशिक्षण लागतं. राज्यमान्य संस्थेचंच घ्या, स्वस्तात मिळालं म्हणून कुठलंही नको.

औषधचिठ्ठी : नियंत्रित औषधं (सवय लागू शकणारी, उदा. अफूवर्गीय वेदनाशामकं) लिहायची तर डीईए या केंद्रीय खात्याची नोंदणी वेगळी: ३ वर्षांचे ८८८ डॉलर आणि व्यसनोपचाराचं ८ तासांचं प्रशिक्षण (अलीकडे पास झालेल्यांचं कोर्समध्येच झालेलं असू शकतं, कॉलेजला विचारा). ही नोंदणी राज्याच्या अधिकारावर उभी असते, त्यामुळे लायसन्स हातात येण्याआधी पैसे भरू नका. एनपीआय क्रमांक (आरोग्यसेवा देणाऱ्याचा देशभरचा ओळख क्रमांक) फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. एनपीआयच्या नोंदीतला कामाचा पत्ता कुणालाही दिसतो, घरचा देऊ नका.

शिळोप्याची ओटी : 'कधी अटक किंवा गुन्हा?' या प्रश्नाचे शब्द दोनदा वाचा. काही राज्यं रद्द झालेलं प्रकरणही विचारतात. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या जुन्या प्रकरणावर कोर्टाचे कागद आणि अर्ध्या पानाचा खुलासा जोडला तर बहुधा फक्त उशीर होतो, त्याहून जास्त काही नाही. लपवलं आणि ठशांतून निघालं, तर तोच खोटेपणाचा वेगळा मुद्दा बनतो.

हिंजवडी ते ह्यूस्टन : आणि लायसन्स आलं तरी हॉस्पिटलची कागदपत्र-तपासणी वेगळी चालते. रुजू व्हायची तारीख त्यानंतरचीच मागा.