मदत हवी आहे: रग्बीत तेरा जणांत पंधराचा सामना, स्क्रममध्ये किती ठेवायचे?

रविवारी मुंबईत रग्बीचा सामना आहे, पंधराचा. पुण्याहून निघतोय ते तेराच. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून, एकमेकांना ढकलत चेंडूसाठी झुंजतात तिथे, पुढच्या फळीत तयार झालेले तिघेच: कडेचे दोन प्रॉप, मधला एक हूकर. त्यांना बदली नाही. एक जरी जायबंदी झाला की बिनढकलीचा स्क्रम लागणार, हे धरूनच चाललोय.

अडचण बाकीच्या दहांची आहे. संघ अपुरा असेल तर नियमाने स्क्रममध्ये पाचापर्यंत उतरता येतं, पण समोरच्यांवर आठाचे कमी करायची सक्ती नाही. सहा ठेवले तर ३-२-१ अशा फळ्या होतात. फ्लँकर (दुसऱ्या फळीच्या कडेचे दोघे) नसल्यामुळे प्रॉपच्या बाहेरच्या बाजूला मागून जोर मिळत नाही आणि स्क्रम फिरतो. सात ठेवले तर ३-४, म्हणजे सगळ्यात मागचा नंबर आठ गायब. चेंडू लॉकच्या (दुसऱ्या फळीतल्या मधल्या दोघांच्या) पायांपाशी अडकला की तो मागून काढणाऱ्या स्क्रम-हाफची, म्हणजे नऊ नंबरची, दैना. माझा कल तरीही सातकडे आहे. हूकरने पटकन मागे मारायचा, नऊने लगेच काढायचा, ढकलायच्या भानगडीत पडायचंच नाही.

मग मागे सहा उरतात, एक विंग (मैदानाच्या कडेचा खेळाडू) कमी. समोरचा दहा नंबर हे पाहताच त्या कोपऱ्यात तिरपी किक मारणार. सगळ्यांच्या मागे उभा असलेला फुलबॅक तिकडे सरकवावा, की स्क्रम सुटल्यावर फ्लँकरने विंग धरावी? दुसऱ्यात फ्लँकर साठाव्या मिनिटाला संपतो.

लाइनआउटची (चेंडू बाहेर गेल्यावर कडेवरून रांगांमध्ये फेकतात त्याची) फार चिंता नाही. आपली फेक असेल तेव्हा चारच उभे करू.

यजमानांकडून दोन खेळाडू उसने मागितलेत, सामना मैत्रीचाच आहे. नाही मिळाले तर काय करावं? कमी माणसांत खेळलेल्यांनी, विशेषतः पुढच्या फळीवाल्यांनी, सांगा.