मदत हवी आहे: फ्रेंच रेड वाइन पुण्याच्या उन्हाळ्यात कशी टिकवायची?

मंडळी, भाची फ्रान्समध्ये मोंपेलियेला शिकते. सुट्टीत येताना तिने ‘मास द दोमा गासाक’ची २०१९ची रेड आणली. आता ती ठेवायची कुठे, हा प्रश्न आहे.

हा दक्षिण फ्रान्सच्या लांगदोक भागातला, आनियान गावाजवळचा एका कुटुंबाचा द्राक्षमळा. तो सुरू करणारे एमे गिबेर मूळचे मियो गावचे, हातमोज्यांच्या धंद्यातले. त्यांनी आणि पत्नी वेरोनिक यांनी तिथली जुनी शेती घेतली. बोर्दोचे भूगोलाचे प्राध्यापक आँरी आँजालबेर यांनी माती पाहून इथे उत्तम वाइन होईल असं सांगितलं आणि वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांच्या सल्ल्याने १९७८ची पहिली वाइन झाली. तेव्हा लांगदोक म्हणजे स्वस्त, ठोक विकली जाणारी वाइन! द्राक्षं मुख्यतः काबेर्ने सोव्हिन्यों या तुरट जातीची, त्यामुळे वर्षानुवर्षं मुरू द्यावी म्हणतात.

मुरवायला साधारण १२-१४ अंश तापमान हवं, अंधार हवा, बाटली आडवी हवी. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, एप्रिलमध्ये कपाटसुद्धा गरम लागतं. फ्रिजमध्ये बूच सुकतं असं ऐकलंय. वर शेजारी लसणाची चटणी.

कोणी घरी छोटं वाइन कॅबिनेट वापरतं का? वारंवार वीज गेल्यावर ते कितपत तग धरतं? एका बाटलीसाठी एवढा खर्च मला तरी वेडेपणा वाटतो. की सरळ या दिवाळीत उघडावी? उघडली तर किती आधी डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओतू? आणि घरात तांबड्या रश्श्याचा आग्रह आहे, त्यापुढे ही टिकेल का, तेही सांगा.