जुना कोल्हापुरी साज: गाठवणारे पटवेकरी हवेत

आजीच्या साजाचा दोरा कुजून तुटला. 21 पानांपैकी, म्हणजे साजातल्या छोट्या पदकांपैकी, 20 सापडली. मासा, कासव, शंख, चंद्र ओळखता येतात, माणकाचं आणि पाचूचं पानही आहे, मधला ताईतही शाबूत. जवमणी सगळे डबीत आहेत, पण चार चेपलेत आणि एकाच्या भोकातून आतली लाख भुग्यासारखी गळते.

दोन सराफांना दाखवून झालं. एक म्हणाले, मोडा आणि नवा घ्या, लाख वजा करून सोन्याचं वजन धरू. दुसरे नुसतं गाठवून द्यायला तयार होते, पण आधी सगळं उजाळायला टाकू म्हणाले. लाख भरलेले मणी तापवले तर काय उरणार, म्हणून परत आणला. घरी एकच मणी रिठ्याच्या पाण्यात ओल्या फडक्याने पुसून पाहिला. मळ निघाला, पुढे धीर झाला नाही.

मोडायचा नाही, पॉलिश नको, हरवलेलं पान नवं केलं तरी चालेल. मी पुण्यात आहे, कोल्हापूरला एक दिवस जाऊ शकते. साज दुकानात ठेवून येणार नाही, समोर बसून गाठवणारं कोणी हवं. आजीचा साज घातलेला एकच फोटो आहे, त्यात पदर आडवा आलाय.

तर कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, किंवा पुण्याच्या पेठांत असे पटवेकरी अजून कुठे बसतात? चेपलेल्या मण्यात लाख पुन्हा भरून मिळते का? आणि ताईताच्या दोन्ही बाजूंना दशावतार आणि अष्टमंगलाची पानं तुमच्या घरच्या साजात कोणत्या क्रमाने आहेत?