सहा वर्षांखालच्या मुलाला घरी गिरवायला बसवू नका

कोरा_कागद

मत आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. चार-पाच वर्षांच्या मुलाला घरी समोर बसवून 'एक पान ग, एक पान म' काढून घेणं बंद करावं. ठिपक्यांवरून गिरवायच्या पुस्तिकाही नकोत. लिहिणंच नको असं म्हणत नाहीये. उलट घरात लिहिणं भरपूर हवं, फक्त ते मुलाच्या स्वतःच्या कामाचं हवं.

गिरवताना मूल अक्षर काढत नाही, दुसऱ्याच्या रेघेवरून हात नेतं. २०१२ साली केरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट या संशोधकांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं हाताने काढून घेतली, काही टाइप करून घेतली, काही गिरवून घेतली. मग तीच अक्षरं दाखवून मेंदूचे स्कॅन केले. मोठी माणसं वाचताना मेंदूचे जे भाग वापरतात ते हाताने काढलेल्या अक्षरांना जागे झाले. टाइप केलेल्या किंवा गिरवलेल्या अक्षरांना तसे झाले नाहीत. त्यांचा तर्क असा की स्वतः काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं, थोडं वाकडं येतं, आणि एवढे वेगवेगळे दिसणारे सगळे एकच अक्षर आहेत हे मुलाला त्यातूनच उमगतं. गिरवण्यात तो वाकडेपणाच आपण काढून टाकतो.

मग घरी करायचं काय? कागद, जाड खडू, पेन्सिलींचे तुकडे हाताला लागतील असे ठेवायचे आणि लिहायला निमित्त पुरवायचं. खेळातल्या दुकानाला पाटी लागते, खेळातल्या डॉक्टरला औषधाची चिठ्ठी लागते, चित्राला नाव लागतं. आपण सामानाची यादी करतो तेव्हा शेजारी बसून मुलाचीही यादी होऊ शकते. त्यात नुसत्या नागमोडी रेघा असल्या तरी ती यादीच. 'वाच बरं' म्हणून बघा, धडाधड वाचून दाखवेल.

माझ्या भाचीने, वय साडेपाच, खोलीच्या दाराला चिठ्ठी चिकटवली: 'दर लऊ नक'. म्हणजे दार लावू नका. काना एकही नाही, पण द, र, ल, न, क सगळे आपापल्या जागी, आणि घरातल्या प्रत्येकाने चिठ्ठी पहिल्या फटक्यात वाचली. लगेच 'अगं, द ला काना दे' म्हणणारे निघालेच. माझं म्हणणं, त्या क्षणी दार उघडं ठेवायचं, बस्स. आपण लिहिलं आणि घरातली मोठी माणसं तसं वागली, हे तिला आधी दिसू दे.

आणि 'वा, काय सुंदर अक्षर!' हेही टाळावं. मूल मजकूर सोडून अक्षराकडे बघायला लागतं आणि पुढच्या वेळी नीट काढता येतात तेवढेच शब्द लिहितं.

दुरेघी

असहमत, आणि चांगलीच असहमत. पहिली-दुसरीच्या वर्गांत माझी सगळी नोकरी गेली.

घरी आपापलं लिहायला शिकलेली मुलं कशी लिहितात ते मागे उभं राहून बघा. 'म' ची उभी रेघ खालून वर. मग पेन्सिल उचलून डावीकडची गाठ, ती उलट्या बाजूने फिरवलेली. मग पुन्हा उचलून मधली आडवी रेघ. काही जण तर आधी शिरोरेखा ओढून घेतात आणि तिला खालून अक्षरं लटकवतात. कागदावर बघाल तर म अगदी बरोबर दिसतो, म्हणून पालकांना काही खटकत नाही. खटकतं दुसरी-तिसरीत, जेव्हा सलग पाच-सहा ओळी लिहायच्या येतात. बाकीचे पुढे गेलेले असतात आणि हे मूल एकेका अक्षराला चार वेळा हात उचलत बसलेलं असतं. हात दुखतो, लिहिण्याचा कंटाळा येतो, वर 'हळू आहे' हा शिक्का. त्या वेळी सवय मोडायला जो दबाव लागतो, तो तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

बसवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. दिवसाला एक अक्षर, मोठं, मी काढते तू काढ, संपलं. ग म भ न पासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे, कारण सोपी वळणं आधी येतात आणि एक उभी रेघ पक्की झाली की तीच पुढे कामी येते. अ आ इ ई च्या क्रमाने गेलात तर पहिल्याच दिवशी 'अ' येतो, आणि तो काढायला किती अवघड आहे ते डाव्या हाताने काढून बघा.

शिवाय मुलाच्या मर्जीचा विषय निघाला की मॉन्टेसोरीबाईंचं नाव निघतंच, म्हणून आधीच लिहून ठेवते. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांचं पहिलं बालगृह (लहान मुलांची शाळा) सुरू झालं आणि तिथली चार-पाच वर्षांची मुलं वाचायच्याही आधी अचानक लिहायला लागली, हे सगळे सांगतात. त्याआधी त्या मुलांची बोटं खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवरून, लिहिण्याच्याच दिशेने, कितीदा फिरली होती हे कुणी सांगत नाही. त्याला गिरवणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

तिरकस

धागा वाचून कळलं की आता शाबासकीसुद्धा दबावात जमा. उद्या मुलाकडे बघणंही बंद करू.

मुळात ही मुलं मोठी होतील तेव्हा कीबोर्डसुद्धा जुना झालेला असेल, तोंडाने बोलतील आणि मजकूर उमटेल. म कुठून सुरू केला यावर दोन सुशिक्षित माणसं एवढा वेळ घालवतायत!

कोरा_कागद

दुरेघीताई, मॉन्टेसोरींचा मुद्दा बिनतोड आहे. पण खरखरीत अक्षरावर बोट फिरवताना पान भरत नाही, खाली शेरा येत नाही, आणि मूल उठून दुसरीकडे गेलं तरी काही अर्धवट राहत नाही. दिशा दाखवायला माझी हरकत नाही. वहीला आहे.

तिरकस, कीबोर्डचं उत्तर वरच्या प्रयोगातच आहे. वाचायला तरी लागेल ना त्यांना?

तिरकस

त्याच प्रयोगाबद्दल बोलू. मोजकीच मुलं, अक्षरं रोमन, आणि निष्कर्ष अक्षर ओळखण्यापुरता. त्यावरून 'हाताने काढलेलं बरं' इथपर्यंत मी येतो. 'घरात गिरवायची पुस्तिका आणू नका' ही उडी तुमची स्वतःची.

आईपण_अर्धवेळ

तुम्ही सगळे घरात काय करावं यावर बोलताय. आमच्याकडे निवड आहेच कुठे? मुलगा साडेचार वर्षांचा. रोज दोन पानं घरी करायला येतात, अपुरी राहिली तर वहीत लाल शेरा. संध्याकाळी मी कामावरून येते, तो दमलेला, मी दमलेली. पहिल्या ओळीला नीट, तिसऱ्या ओळीला रडू. पेन्सिल एवढी दाबतो की कागद फाटतो. खेळातल्या दुकानाची पाटी वगैरे वाचायला छान वाटलं, पण ती पाटी लिहायला त्याच्या हातात जीव उरत नाही.

हातखंडा

आईपण_अर्धवेळ, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लिहिणं, बटणं लावणं अशा रोजच्या कामांत हात अडणाऱ्या अशाच मुलांबरोबर काम करते.

मूल आकार काढायला साधारण एका ठरलेल्या क्रमाने शिकतं. उभी रेघ दोनच्या आसपास, आडवी त्यानंतर, बंद गोल तिसऱ्या वर्षी, अधिकची खूण चौथ्या वर्षी, चौकोन साडेचार-पाचला, तिरप्या रेघांचा त्रिकोण पाचच्या पुढे. चार-सहा महिने इकडेतिकडे चालतात. आता आपली अक्षरं बघा. ग आणि न मध्ये उभी रेघ आणि एक छोटं वळण आहे. क्ष, ज्ञ सोडाच, साध्या 'ख' आणि 'झ' मध्येही किती वळणं आणि जोड आहेत! ज्या मुलाला अजून चौकोनाचे कोपरे जमत नाहीत त्याला हे दोन रेघांच्या मध्ये बसवायला सांगितलं की ते सगळी ताकद पेन्सिलीवर काढतं. कागद फाटतो तो हट्टाने नाही.

करण्यासारखं: लांब बारीक पेन्सिल बाजूला ठेवा, बोटभर खडूचा तुकडा द्या. तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो, पकड न सांगता सुधारते. भिंतीवर कागद लावून उभ्याने काढू द्या, मनगट आपोआप योग्य बाजूला वळतं. पाण्यात ब्रश बुडवून फरशीवर मोठी अक्षरं. पेन्सिल तीन बोटांत धरली की चार बोटांत यावरून कटकट नको. चौथीच्या मुलांवरच्या एका अभ्यासात चार वेगवेगळ्या पकडींमध्ये वेगात किंवा सुवाच्यतेत फरक दिसला नव्हता. डावखुरा असेल तर हात बदलायला लावू नका, कागद तेवढा उजवीकडे कलता ठेवा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येत असतील तर सातव्या वर्षापर्यंत ते चालून जातं.

आणि शाळेला सरळ चिठ्ठी लिहा: 'आज एक ओळ मनापासून केली, मग थांबवलं.' सही. बहुतेक शिक्षकांना पालक उघड बोलला की हायसं वाटतं. लाल शेरा आला तर येऊ दे, तो तुमच्यासाठी आहे, मुलाला वाचून दाखवायची गरज नाही.

मात्र पाच उलटून गेल्यावरही गोल बंद होत नसेल, बटणं-चमचा यांतही हात अडत असेल किंवा मूल काहीही रेखाटायलाच टाळत असेल, तर 'आपोआप येईल' म्हणून वर्ष घालवू नका. हे कोरा_कागद यांच्यासाठीही. मोकळं सोडण्याच्या नादात अडलेली मुलं उशिरा लक्षात येतात.

मधला_बाक

फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जातं, त्यांचं काय बिघडलं? विषय संपला.

दुरेघी

संपला नाही. फिनिशमध्ये जसं ऐकू येतं जवळजवळ तसंच लिहितात, आणि सातच्या आधीचं पूर्वशाळेचं वर्ष तिथे सक्तीचं आहे. मुलं काहीच न करता सातव्या वर्षी उगवत नाहीत.

हातखंडा, तुमचं सगळं मान्य. तिरक्या रेघा आणि वयाचा मुद्दा तर मी माझ्या वर्गात बघितलेला आहे.

पण 'दर लऊ नक' कडे परत येते. कौतुक मलाही वाटलं. ती मुलगी आवाज ऐकून लिहितेय, ऐकू आलेलं पहिलं व्यंजन पकडतेय. आपल्या लिपीत नुसत्या 'द' मध्येही स्वर असतो, त्यामुळे तिच्या कानाला 'द' लिहिलं की काम झालं असं वाटतं. काना ही तिच्या दृष्टीने अजून नुसती जास्तीची रेघ आहे. आता हे तिला कुणी सांगणार की नाही? पुढे पहिली वेलांटी येईल. 'कि' म्हणताना क आधी ऐकू येतो आणि वेलांटी मात्र क च्या आधी काढायची. हे कुठलंही मूल नुसतं ऐकून शोधून काढणार नाही. हा संकेत आहे आणि संकेत शिकवावाच लागतो.

कोरा_कागद

शिकवावा लागतो, हो. त्याच चिठ्ठीवर आणि त्याच मिनिटाला शिकवावा लागतो का, एवढाच माझा प्रश्न.

चार्ल्स रीड नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये शाळेआधीच लिहायला लागलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या चुका तपासल्या. मुलं 'ट्रेन' ची सुरुवात 'च' च्या अक्षरांनी करत होती. मोठ्यांना हसू येतं, पण ट ला र चिकटला की तोंडात होणारा आवाज खरंच च कडे झुकतो. मुलांचे कान आपल्यापेक्षा तिखट होते. चुकीला नियम होता. तुम्ही भाचीबद्दल जे सांगितलंत तेही तेच आहे. मग ती चूक पुसून टाकण्याची घाई कशाला?

माझ्या बहिणीने काय केलं सांगतो. चिठ्ठीला हात लावला नाही. खाली दुसरी चिठ्ठी लावली: 'दार लावणार नाही. पण आवाज कमी.' भाची येऊन दोन्ही चिठ्ठ्यांवर बोट ठेवून बघत होती, 'आईच्या द ला काठी आहे' म्हणाली. तेव्हा बहिणीने सांगितलं ती काठी कशाला असते ते.

तिरकस

आणि तिने विचारलंच नसतं तर?

आईपण_अर्धवेळ

माझ्या मुलाने विचारलं नसतं. त्याने दुसरी चिठ्ठी फाडून विमान केलं असतं.

हातखंडा, खडूचे तुकडे आणि फरशीवर ब्रश आजच करून बघते. शाळेला चिठ्ठी लिहायला मात्र थोडा धीर गोळा करावा लागेल.

मधला_बाक

आमच्याकडे उलटा प्रकार. मुलगी सांगते आणि मी लिहितो, शब्द न बदलता. तिला ते इतकं आवडलं की आता स्वतः लिहायलाच तयार नाही, 'तुझं छान येतं' म्हणते. यावर काय?

हातखंडा

अर्धं तिने लिहायचं. तुम्ही वाक्य लिहा, तिचं नाव आणि एक शब्द तिच्यासाठी मोकळा ठेवा. आणि तुमचं अक्षर जरा खराब काढा.

दुरेघी

चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर ही युक्ती मी वर्गात वापरली असती, चाळीस मुलांना जमली असती तर. घरी जमते, जरूर करा.

पण तिरकस यांनी विचारलं ते मीही विचारते. विचारणाऱ्या मुलाला कुठलीही पद्धत चालते. न विचारणाऱ्याला वाट बघत ठेवायचं किती दिवस? मी म्हणेन, तीच चूक पाच-सहा चिठ्ठ्यांत परत आली की एका संध्याकाळी मांडीवर घेऊन दर आणि दार, कम आणि काम, मळ आणि माळ शेजारी शेजारी लिहून वाचून दाखवायचं. दहा मिनिटं. वही नको, पान नको, शेरा नको. तुमच्या अटी पाळते की नाही बघा.

कोरा_कागद

पाळता. फक्त तिच्या चिठ्ठ्यांतल्या चुका मोजत बसू नका, मुलांना ते कळतं.

दुरेघी

शिक्षिकेला मोजू नका सांगताय. प्रयत्न करेन.